घोड्यांना पाणी कोण पाजतं

साखरखेर्ड्याच्या मैदानावर दख्खनचं भवितव्य ठरलं. हे वाक्य मी मेहकरच्या कॉलेजात बावीस वर्षं, दर वर्षी साधारण त्याच आठवड्यात, त्याच आवाजात उच्चारत आलो. वाक्य संपल्यावर मी थोडा थांबत असे, म्हणजे भवितव्य ठरल्याचा परिणाम वर्गावर व्हावा. एका वर्षी त्या थांबण्यात मागच्या दारातून आवाज आला.

"सर, घोड्याले पानी कोनं पाजलं?"

वर्ग हसला. विचारणारा हसला नव्हता. तो विद्यार्थी नव्हताच. कॉलेजच्या ऑफिसातला प्रिंटर दुरुस्त करायला आलेला एक चाळिशीचा माणूस, काखेत प्रिंटरचं झाकण, हातात स्क्रूड्रायव्हर, माझा आवाज ऐकून दारात थांबला होता. मी कानावर विश्वास नसल्यासारखं पाहिलं, तेव्हा त्याने प्रश्न नीट समजावून सांगितला. "मंजे एवढाले हजारो घोडे. दिवसभर. पानी तं लागलंच असंन ना."

मी म्हणालो, त्याबद्दल साधनांमध्ये उल्लेख आढळत नाही. 'मला माहीत नाही' हे आम्ही इतिहासाचे प्राध्यापक असं म्हणतो. त्याने मान डोलावली आणि झाकण घेऊन निघून गेला. त्या दिवसापासून ते वाक्य मला पूर्वीसारखं मनापासून उच्चारता आलेलं नाही.

ही लढाई ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ओशाळायचं कारण नाही. आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक नाही. दोन मोगल सरदार दख्खनच्या सुभेदारीसाठी इथे येऊन भिडले. एक मेला, दुसरा जिंकला. जिंकणाऱ्याने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. गावाने ते मनावर घेतलं नाही.

त्या माणसाला सगळे भाई म्हणत. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. पुढे टायपिंग, फॉर्म भरणं, झेरॉक्स. मागे सहा संगणक एकमेकांना वायरने जोडलेले. घराणं पिंजाऱ्यांचं. वडिलांची पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्यासारखं हत्यार, प्रिंटरच्या वर भिंतीला टांगलेली असे. ओळखीचं गिऱ्हाईक कधी तिच्या तातीला, त्या ताणलेल्या दोरीला, बोट लावून पाही. मग दुकानभर एक खोल 'टंग' घुमे आणि भाई मान वर न करता म्हणे, "अब्बा, कोनतरी आलं."

माझ्या वर्गातून गेल्यावर महिनाभराने त्याने मला दुकानात बोलावलं. त्याच्याकडे घोडे-तलवारींचा एक परदेशी खेळ होता. खेळ युरोपातल्या कुठल्याशा राजांचा. भाईने त्याच्या पोटातल्या फायली उघडल्या होत्या आणि आकडे, नावं, रंग बदलत बदलत त्याचा साखरखेर्डा करत आणला होता. किल्ल्याच्या जागी गढी. लोखंडी टोपांच्या जागी पागोटी. देवदारांना त्याने बाभळीचा रंग दिला होता, पण झाडं ताठ उभी होती ती उभीच राहिली. संध्याकाळ झाली की कुठूनतरी चर्चची घंटा वाजायची. ती कुठल्या फायलीत आहे ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

"आणि हे काय?" मी विचारलं. पडद्यावर पांढरं पांढरं पडत होतं.

"बर्फ आहे, सर. निंघत नाही. कापूस समजा."

"रणांगणावर कापूस?"

"अब्बा पिंजत तवा घरात असाच उडे. घरात काही रण कमी नव्हतं."

मला त्याने सल्लागार नेमलं. बिनपगारी, पण पद होतं. दर बाजारच्या दिवशी दुपारी मी जाऊ लागलो आणि माझं अज्ञान किती तपशीलवार आहे हे मला कळत गेलं. घोडा दिवसाला किती कोस चालतो? हत्ती कशाला भितो? छावणीत भाकरी कोण थापतं? मी दख्खनच्या राजकारणावर प्रबंध लिहिला होता. त्यात एकही भाकरी नव्हती.

पहिल्या वर्षी त्याने जो खेळ तयार केला तो इतका खरा होता की कोणी खेळेना. सुरुवातीचा अर्धा तास घोडे नदीवर न्यायचे, पखालवाल्यांकडून पाणी भरून घ्यायचं, बैलगाड्या गाळातून काढायच्या. कॉलेजची पोरं कंटाळून जात.

"भाई, लढाई कधी आहे बे?"

"पानी पाजून झालं की."

"आन् आपला कोनता? मारायचं कोनाले?"

"आपला कोनीच नाही. दोन्हीकडच्या गाड्या हाकनारे तेवढे आपले."

हे उत्तर इतिहास म्हणून मला फार आवडलं. दुकान त्या महिन्यात ओस पडलं.

मग भाईने दुसरी बाजू मनावर घेतली. त्याची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आकडा बदलला की तो एखाद्याला खेळायला बसवी आणि स्वतः पडद्याकडे बघतच नसे. तो मागे उभा राहून खेळणाऱ्याची पाठ बघे. पाठ खुर्चीला टेकली की आकडा चुकला. पाठ सुटून माणूस पुढे वाकला की जमलं. पण फार वाकून ओरडायला लागला तरी त्याला नको असे. "गादीत कापूस जास्त दाबला तं पाठ दुखते," तो म्हणे, "कमी भरला तं जमीन लागते. अब्बा गिऱ्हाइकाले लोळवून पाहत. मी बसवून पाह्यतो."

त्याने खेळाचे दोन प्रकार केले आणि ते उघडायला पडद्यावर दोन चित्रं ठेवली. एकाखाली लिहिलं 'खरं', दुसऱ्याखाली 'मजा'. 'मजा'त घोडा दमत नसे आणि एक स्वार दोनशे जणांना कापी. पोरं आधी 'मजा'वर तुटून पडली. पंधरा दिवसांत त्यांच्याही पाठी खुर्चीला टेकल्या. दोनशे माणसं मारून करायचं काय, हा प्रश्न प्रत्यक्षातल्या सेनापतींना पडल्याचं माझ्या वाचनात नाही, पण मेहकरच्या पोरांना पडला.

तोड त्याला नावांत सापडली. 'खरं'मधल्या प्रत्येक शिपायाला त्याने आसपासच्या गावांतल्या खऱ्या माणसाचं नाव दिलं. उंद्रीचा अमका, मेहकरचा तमका. पोरांनी आपल्या बापांची, मामांची, उधळ्या मित्रांची नावं आणून दिली. आणि नियम एकच. लढाईत पडलेलं नाव यादीतून जाणार. खेळ पुन्हा सुरू केला तरी ते परत येणार नाही.

"भाई, माह्या मामाले परत टाक ना."

"मेला तो मेला."

"चुकून मेला पन."

"सगळे चुकूनच मरतात. नवीन मामा आन."

सहाही खुर्च्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या. पोरं आता लढाईआधी घोड्यांना पाणी पाजू लागली, कारण दमलेल्या घोड्यावर मामा बसलेला होता. मला भाईने वाकेनवीस केलं. म्हणजे सगळ्यांच्या मागे, तंबूपाशी, बातम्या लिहिणारा. हातात शस्त्र नाही. "तुमी लढनार नाही, सर. खरं आहे ना?" मी नाही म्हणू शकलो नाही. त्या सैन्यात सर्वांत सुरक्षित माणूस मी होतो.

विलास तिथेच भेटला. बीबी गावचा, तिशीतला, हडकुळा. घरचं थोडं वावर होतं आणि हंगामात तो दुसऱ्यांच्या कपाशीवर फवारणी करायचा. बाजारच्या दिवशी पंप दुरुस्तीला घेऊन येई. पंपवाल्याचं दुकान भाईच्या शेजारी. वॉशर बदलून होईपर्यंत तो चार नंबरच्या संगणकावर बसे. लढण्यात अगदी कच्चा. तलवार चालवायला गेला की घोड्यावरून पडे. पण पाणी पाजण्याचा त्याला कंटाळा नव्हता. घोड्यांच्या रांगेत पहिल्यापासून शेवटपर्यंत जाई, एकही चुकवत नसे.

"हा एकटा खरा खेळाडू," भाई मला म्हणाला. "याची पाठ मी टेकलेली पाह्यलीच नाही."

"पंपानं सवय लागली," विलास म्हणाला. "पाठीवर वजन असलं की मानूस टेकत नाही."

"मंग तुले पखालवालाच करतो. चालते?"

"चालते ना. पंप काय, पखाल काय."

असा विलास पखालवाला झाला. पडद्यावर एक लहानसा माणूस, पाठीवर पाण्याची कातडी पिशवी, नदीवरून घोड्यांकडे, घोड्यांकडून नदीवर. डोक्यावर त्याचं नाव तरंगत असे: विलास, बीबी.

त्या वर्षांत आमच्याकडे साध्या सरकीचं नाव कोणी काढत नव्हतं. सगळीकडे बीटी. बोंडअळी मेली म्हणून एका बियाणंवाल्या शेठने शेतकरी मेळावा ठेवला, आणि त्याला कोणीतरी सांगितलं की भाई खेळ बनवतो. शेठला मोठ्या पडद्यावर दाखवायला खेळ हवा होता. शेतकरी बियाण्याचं पाकीट फेकतो, अळ्या पटापट मरतात, विजय. भाईने आठवड्यात केला. घोड्यांच्या जागी अळ्या आल्या, बाकी रणांगण तेच. पाठ बघण्यासाठी विलासला बसवलं. दोन मिनिटांत सगळ्या अळ्या मेल्या आणि विलास, पहिल्यांदाच, खुर्चीला टेकून बसला.

"तुडतुडे कुठं हायेत?"

"कोनते?"

"तुडतुडे. मावा. पांढरी माशी. बीटीनं अळी मेली तं मी कोनाच्या वावरात पंप घेऊन फिरून राह्यलो मंग?"

भाईने तुडतुडे घातले. अळ्या मेल्यावर ते हिरव्या धुरासारखे येत, पाकिटाने मरत नसत, आणि शेतकऱ्याला पंप उचलावा लागे. विलास पुढे वाकला. शेठने येऊन पाहिलं आणि तो मागे टेकला.

"हे काढा, भाई."

"खरं आहे ना, शेठ."

"खरं पाह्याले मेळाव्यात कोन येते?"

भाईने काढलं नाही. मेळाव्यात तो खेळ दाखवला गेला नाही. खुर्च्या भरायला आमच्या कॉलेजची पोरं नेली होती, मीही होतो. प्रमुख पाहुणे अडीच तास उशिरा आले आणि त्यांनी शेतकऱ्याला वेळेचं महत्त्व सांगितलं.

त्याच हंगामात विलास गेला.

कपाशी डोक्याएवढी वाढली होती. पंपाचा फवारा तोंडासमोर मारावा लागे. वारा फिरला. संध्याकाळी त्याने डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगितलं, मग उलट्या. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी संपला. पेपरात चार ओळी आल्या. त्यात त्याचं वय चुकलेलं होतं. शेजारच्या दुकानात त्याचा जुना पंप पडून राहिला, नवीन वॉशर बसवलेला.

पुढच्या बाजारी मी दुकानात गेलो तेव्हा पोरं पाच खुर्च्यांवर बसली होती. चार नंबर रिकामा होता. कोणी ठरवलं नव्हतं. पडद्यावर, कोणी हात लावलेला नसताना, विलास नदीवरून पाणी आणत होता. पांढरं भुरभुर पडत होतं. एक पोरगा हळूच म्हणाला, "भाई, याचं नाव..."

"लढाईत नाही मेला तो," भाई म्हणाला.

आणि त्याने घंटेचा आवाज कमी केला. काढता येत नव्हता, पण कमी करता येत होता, हे त्याला त्या दिवशी सुचलं.

तीन आठवड्यांनी एक म्हातारा दुकानात आला. डोक्यावरचे केस नुकते काढलेले, त्यावर टोपी नवी आणि सैल. दाराशी पायातलं काढून आत आला. झेरॉक्सच्या दुकानात कोणी पायातलं काढत नाही.

"भाई तुमीच काय?"

"हाव, बाबा."

"बीबीहून आलो. आमचा पोरगा, विलास, इथं हाये म्हने."

 भाईने माझ्याकडे पाहिलं. मी झेरॉक्सच्या कागदांकडे पाहिलं.

"तोच सांगे," म्हातारा म्हणाला. "मी तिथं पानी भरतो म्हने. मले वाटे मस्करी करते."

भाईने चार नंबरची खुर्ची ओढली, बाबांना बसवलं, आणि 'खरं' उघडलं. लढाई सुरू केली नाही. पखालवाला नदीकडून येत होता. बाबा पुढे वाकले. भाई, सवयीने, मागे उभा राहून त्यांची पाठ बघत होता. मग त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या पिंजणीकडे बघत राहिला.

"चालनं त्याचंच हाये," बाबा म्हणाले.

त्या खेळातली सगळी माणसं एकसारखीच चालतात. पोरांना ते ठाऊक होतं. 

बाबा दर बाजारी येऊ लागले. बीबीच्या एसटीने दुपारी उतरायचे, बाजार नंतर, आधी इथे. तासभर बसायचे. ते असले की भाई लढाई लांबवी. पोरंही समजून पाणी पाजत बसत. पण शत्रूच्या फौजेला हे सांगता येत नव्हतं. ती ठरल्या वेळी यायचीच. ते भाईनेच पूर्वी, खरं असावं म्हणून, घालून ठेवलं होतं. एका बाजारी एसटी उशिरा आली, बाबा बसतात न बसतात तोच तिरंदाज टेकडीवर आले, आणि पखालवाला नदी आणि घोडे यांच्यामध्ये, उघड्यावर, पडला. पिशवीतलं पाणी सांडलं. नाव डोक्यावरून नाहीसं झालं.

बाबा हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, "आता?"

सगळ्या दुकानाने भाईकडे पाहिलं. दोन वर्षं त्याने कोणाचा मामा परत दिला नव्हता. 'मेला तो मेला' हे वाक्य त्या पोरांनी बाकांवर कोरलं होतं. माझ्या नोकरीत मी एवढा प्रामाणिक नियम पाहिला नव्हता, आणि तो मोडू नये असंही मला वाटत होतं, आणि तो मोडला नाही तर मी पुन्हा त्या दुकानात पाऊल ठेवणार नव्हतो.

"पुढच्या बाजाराले या, बाबा," भाई म्हणाला.

पुढच्या बाजारी विलास पाणी भरत होता. एका पोराने विचारलंच, "भाई, मेला तो मेला ना?"

"तो मेला. हा दुसरा."

"नाव तेच?"

"बीबीत विलास काय एकच हाये?"

पोरगा पुन्हा आपल्या पडद्याकडे वळला. त्याचे दोन मामा त्या यादीतून गेले होते.

त्यानंतर पखालवाला कधी पडला नाही. बाण त्याच्या आजूबाजूला पडत, घोडे पडत, नावांमागून नावं जात, आणि तो मधून चालत जाई. भाई म्हणे, नशीब. मी म्हणे, असू शकतं. इतिहासात असे लोक असतात.

बाबांनी कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं. पडद्याजवळ जाऊन, बोटाने काचेला न लावता दाखवत म्हणाले, "याच्या तोंडाले फडकं बांधता येते काय?"

भाईला कळायला क्षण लागला. मला त्याहून जास्त.

"मी सांगतलं होतं त्याले," बाबा म्हणाले. "गरमी होते म्हने. बांधलंच नाही."

 बाबा एसटीला गेल्यावर भाई माझ्याजवळ बसला. "सर, पखालवाले फडकं बांधत काय तोंडाले? साधनात काही आहे?"

त्याने पागोट्यांचे रंग माझ्याकडून तीनदा तपासून घेतले होते. एका हौद्याच्या आकारासाठी मला बुलढाण्याच्या ग्रंथालयात पाठवलं होतं. मी खोटं बोललो असतो तर त्याला कळलं असतं, आणि खरं म्हणजे साधनांमध्ये काहीच नव्हतं.

"धूळ फार असायची," मी म्हणालो. "बांधत असतील."

"लिहून देता?"

मी कागदावर लिहून सही करून दिली. एवढ्या वर्षांत माझं हे एकच संशोधन असं आहे की ज्याच्यावर कोणीतरी काहीतरी केलं. त्याने तो कागद पिंजणीच्या खिळ्याला अडकवला आणि पखालवाल्याच्या तोंडावर पांढरं फडकं आलं. पुढच्या बाजारी बाबांनी पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

मग हळूहळू पोरांच्या हातात मोबाइल आले. आधी एक खुर्ची रिकामी झाली, मग तीन. फॉर्म लोक मोबाइलवर भरू लागले, आणि चुकले की भाईकडे येऊ लागले. लढायला सैन्य उरलं नाही. सहापैकी पाच संगणक भाईने भंगारात काढले. शेवटचे काही महिने दुकानात चार नंबरचा तेवढा चालू असे, आणि बाजारच्या दिवशी त्याच्यासमोर बाबा, मागे भाई.

जायचं ठरल्यावर तो मला सांगायला घरी आला. भिवंडीला मेहुण्याचं काही काम होतं. चार नंबरचा संगणक रिक्षात घालून घेऊन आला होता.

"हे तुमच्याकडं ठेवा, सर. बाबाले तुमचं घर सांगतलं आहे. बाजारच्या दिवशी फक्त चालू करजा."

"नक्की."

"आन् 'खरं'च उघडजा. 'मजा' नोका उघडू."

मला वाटलं, शेवटपर्यंत तत्त्व सोडत नाही. मनातल्या मनात मी त्याला थोडा हसलोही. तो पिंजण खांद्याला लावून रिक्षात बसला. रिक्षा खड्ड्यातून गेली तेव्हा तात वाजली. त्यानंतर दोन वर्षं त्याचा नंबर लागत होता, मग लागेना. भिवंडीत चौकशी करायला मी एका विद्यार्थ्याला सांगितलं होतं. त्याने पिंजाऱ्यांच्या दोन गल्ल्या पाहिल्या. भाई म्हणून विचारलं, तर बरेच निघाले.

बाबा येत राहिले. माझ्या घरीही ते दाराशी पायातलं काढतात, पण तिथे सगळेच काढतात.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, बाजार नसताना, मी 'मजा' उघडलं. कुतूहल हा माझ्या धंद्यातला दोष आहे. सैन्य तेच, नदी तीच, नावंही भाईने इथे उतरवलेली; फक्त मेलेलं नाव इथे परत येई. दुसऱ्या मिनिटाला बाण आला आणि पखालवाला पडला. मी पुन्हा सुरू केलं. तो पुन्हा पडला. तेव्हा मी, भाईने शिकवलं होतं तसं, दोन्ही फायली उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. 'मजा'त विलासच्या आयुष्याचा आकडा इतरांएवढाच होता. 'खरं'मध्ये त्याच्या नावापुढे इतके नऊ होते की ओळ पडद्याबाहेर गेली होती. त्या यादीत बाकी सगळ्यांना माणसाइतकंच आयुष्य दिलेलं होतं. मला, वाकेनविसाला, इतरांहून थोडं कमी.

त्या आठवड्यात बाबा आले तेव्हा मी 'खरं' लावलं आणि त्यांच्यामागे उभा राहिलो. लढाई सुरू झाली. पांढरं पडत होतं. बाणांच्या मधून तो फडकं बांधून चालला होता.

"हा मरत नाही, सर," बाबा म्हणाले. "मले पयल्यापासून मालूम हाये. भाईनं केलं ते."

"बोलला नाहीत कधी."

"त्याले वाईट वाटलं असतं. तो म्हने खरं हाये, मी म्हनो हाव." ते पुढे वाकले होते. ऐंशीच्या घरातली ती पाठ खुर्चीपासून चांगली वीतभर सुटलेली होती. "आनखी एक सांगू काय? भाईले नाही सांगतलं. त्यानं एवढी मेहनत केली."

"सांगा."

"हे घोडे पानी पेतच नाहीत. इतके वर्सं पाहून राह्यलो. हा आनते, ते नुसते उभे राह्यतात."

मी चष्मा लावून पाहिलं. पखालवाला एका घोड्यापाशी थांबला. घोड्याच्या डोक्यावरची, तहान भागल्याचं दाखवणारी हिरवी पट्टी भरत गेली. पखालवाला पुढच्या घोड्याकडे गेला.

नंतर मी फायली तपासल्या. मूळ खेळ बनवणाऱ्यांनी त्या घोड्यांना मान खाली घालण्याची सोय दिलेली नाही.